हौसेला मोल असतं

मागच्या गणपतीत व्हिडिओ कॉलवर आरती झाली आणि फोन हातोहात फिरत मावशीकडे गेला.

"काय रे, तू ती रेसची गाडी चालवतोस ना? मग टीव्हीवर कधी दिसणार?"

"कधीच नाही."

"बरं, बक्षीस किती असतं?"

"काही नसतं, मावशी. उलट आपणच पैसे भरायचे."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग नेटवर्क गेलं असावं असं समजून तिने फोन पुढच्याकडे दिला.

मावशीला मी दोष देत नाही. हाच प्रश्न मला ऑफिसातल्या पोरांनी विचारलाय, कॉलेजच्या ग्रुपवर मित्रांनी विचारलाय. सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला उठायचं, ट्रेलरवर गाडी चढवायची, अडीच-तीन तास हायवे तुडवायचा आणि सतराव्या नंबरवर येऊन परत फिरायचं. कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे. पण त्याआधी दोन भांडणं आहेत. एक बाहेरच्यांशी, एक घरातल्यांशी. घरातल्यांमध्ये मी स्वतःही आलो.

आधी गाडीची ओळख. मी शिकागोजवळ राहतो आणि इथल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या हौशी शर्यतींत फॉर्म्युला व्ही नावाच्या वर्गात गाडी चालवतो. यातला व्ही म्हणजे फोक्सवॅगनचा व्ही. चाकं उघडी, एकाच माणसाची जागा. लांबून पाहिलं तर जुन्या फॉर्म्युला वन गाडीचं धाकटं भावंड वाटेल. जवळ आलात की हसू येईल. इंजिन जुन्या बीटलचं, १२०० सीसीचं, हवेवर थंड होणारं. गिअरबॉक्स बीटलचा. पुढचा ॲक्सल बीटलचा. ब्रेक ड्रमचे, आपल्या जुन्या स्कूटरसारखे. पंख लावायला बंदी. कारखान्यातून निघताना हे इंजिन ४० हॉर्सपॉवर द्यायचं. शर्यतीसाठी निगुतीने बांधलं की साठच्या आसपास जातं. चाकणला आज बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या साध्या सेडानमध्येही याच्या जवळजवळ दुप्पट ताकद असते. पण आमची गाडी चालकासकट जेमतेम ४६५ किलोची, त्यामुळे लांब सरळ रस्ता मिळाला की ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पोचते. बसायची जागा जमिनीपासून काही इंचांवर असते. तिथून हा वेग कसा दिसतो, ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या ह्यूबर्ट ब्रंडेज नावाच्या एका फोक्सवॅगन विक्रेत्याने इटलीतल्या नार्दीकडून बीटलचे भाग वापरून अशी एक गाडी बनवून घेतली. १९६३ मध्ये क्लबने या वर्गाला मान्यता दिली. कल्पना सोपी होती. रस्त्यावर लाखोंनी धावणाऱ्या, भंगारातही मिळणाऱ्या गाडीचे भाग घ्या. त्यातलं काय बदलायचं नाही ते नियमात लिहून ठेवा. सांगाडा ज्याचा त्याने बनवावा, पण इंजिन, चाकं, ब्रेक सगळ्यांचे सारखे. मग बघू कोण चांगली चालवतो. शेवटची बीटल मेक्सिकोत २००३ साली बनली. आमचा वर्ग अजून चालू आहे.

आता पहिलं भांडण.

या वर्गावरचा कुठलाही लेख उघडा, दुसऱ्या परिच्छेदात तीन नावं येणारच: निकी लाउडा, केके रॉसबर्ग, एमर्सन फिट्टिपाल्डी. तिघेही फॉर्म्युला वनचे जगज्जेते, तिघांनीही सुरुवातीच्या काळात व्ही चालवली होती. खरं आहे. मीसुद्धा कधीकाळी ही नावं फेकून लोकांवर छाप पाडली आहे. आता मात्र मला ही यादी कोचिंग क्लासच्या फ्लेक्ससारखी दिसते. चौकात लावलेले तीन टॉपरचे फोटो, खाली मोबाइल नंबर. त्या क्लासमधली बाकीची पोरं कुठे गेली? साठ वर्षांत ज्या असंख्य लोकांनी ही गाडी चालवली, हात काळे केले, कधी बाराव्या तर कधी विसाव्या नंबरवर आले, ती सगळी काय शिडीवरून पडलेली माणसं?

आपल्याकडेही हीच सवय आहे. कोइम्बतूरला एस. करिवर्धन म्हणून एक अवलिया माणूस होता. कापडगिरण्यांच्या घराण्यातला. त्याने मारुती ८०० चं इंजिन घालून एका माणसाची, उघड्या चाकांची रेसगाडी बनवली: फॉर्म्युला मारुती. थोडक्यात, भारताची फॉर्म्युला व्ही. दारात उभ्या असणाऱ्या मध्यमवर्गीय गाडीचं काळीज काढून ते शर्यतीत धावायला लावलं. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन गेले. कोइम्बतूरजवळचं करी मोटर स्पीडवे हे सर्किट त्यांच्या नावाचं. नारायण कार्तिकेयनने फॉर्म्युला मारुती चालवली आणि पुढे २००५ साली तो फॉर्म्युला वनमध्ये पोचला. आपण ही गोष्ट सांगतो ती कार्तिकेयनची गोष्ट म्हणून. गाडी म्हणजे त्याने चढून मागे टाकलेली पायरी. पण त्याच गाडीत बसून जे कुठेच पोचले नाहीत, रविवारी शर्यत करून सोमवारी आपापल्या कामाला लागले, त्यांची गोष्ट कोण सांगणार? माझ्या मते या गाडीची खरी गोष्ट त्यांचीच आहे.

मराठीत आपल्याकडे यासाठी सुंदर शब्द आहे. हौशी. आपल्या गावागावांत हौशी रंगभूमी होती आणि आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बँकेतला कॅशियर, झेडपीच्या शाळेतल्या बाई, एसटीतला मेकॅनिक असे सगळे कामावरून सुटल्यावर तालमीला जमतात. नेपथ्य स्वतः ठोकतात, कपडे घरून आणतात, पदरमोड करतात. पूर्वी त्यांना कोणी विचारत नसे की यातून पुढे काय. आता विचारतात, "सिरियलमध्ये कधी दिसणार?" म्हणजे हौशी हा शब्द आता 'अजून न जमलेला' या अर्थाने वापरला जातो. गाणं शिकतेस? रिॲलिटी शोला जा. फोटो काढतोस? पेज काढ. केक छान झाला? ऑर्डर घे. जे काही मनापासून करावं त्याला लगेच 'स्कोप' विचारला जातो. तुमच्या पिढीला हा प्रश्न आमच्यापेक्षा दसपट जास्त विचारला जातो, कारण तुमच्या हातातल्या फोनवर प्रत्येक हौसेखाली आकडा दिसतो. किती व्ह्यूज, किती फॉलोअर्स.

माझं म्हणणं एवढंच आहे. सतरावा नंबर हा माझ्या प्रवासातला टप्पा नाही. तोच माझा मुक्काम आहे आणि मला तिथे राहायला आवडतं. सोळाव्याला गाठण्यासाठी मी संपूर्ण शर्यत एका वळणावर ब्रेक दहा फूट उशिरा दाबून बघतो. तो हे ओळखतो आणि त्याच वळणावर दार लावून घेतो. आमच्या दोघांकडे तेवढीच ताकद, तेवढेच हलके ब्रेक. आमच्यात जो फरक आहे तो माणसाचा आहे. हे बघायला कठड्याला टेकून दहा-बारा नातेवाईक असतात आणि वळणावळणावर पांढऱ्या कपड्यांतले झेंडेवाले. तेही पगार न घेता, दिवसभर उन्हात उभे.

हे झालं बाहेरच्यांशी. आता घरात येतो.

मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनाकडे हवा-पेट्रोल नेणारी वाकडी नळी. बीटलची नळी साधी, कारखान्यात लाखोंनी बनलेली. नियमपुस्तकात तिची मापं दिलेली आहेत आणि ती घासून मोठी करायला परवानगी नाही. पण एकाच कारखान्यातल्या दोन नळ्या आतून तंतोतंत सारख्या नसतात. मग काय होतं? ज्याच्याकडे पैसा आणि वेळ आहे तो अशा नळ्यांचा ढीग जमवतो, एकेकीतून हवा सोडून मोजतो आणि त्यातली सर्वांत चांगली ठेवून घेतो. किंवा ज्याने हे सगळं केलंय त्याच्याकडून ती चढ्या भावाने विकत घेतो. नियम मोडला का? नाही. कोणी शंका घेतली तर क्लबकडे तक्रारीची सोय आहे. तक्रार करणाऱ्याने अनामत भरायची, मग समोरच्याचं इंजिन उघडून मोजतात. गाडी नियमात निघाली तर उघडण्याचा खर्च तक्रारदाराच्या अनामतीतून जातो, नियमाबाहेर निघाली तर गाडीवाल्याच्या खिशातून. चोख व्यवस्था आहे. पण निवडून घेतलेली नळी या चाळणीतून सहज सुटते, कारण ती नियमातच असते.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी अशी एक नळी घेतली. किंमत सांगायला लाज वाटते. माझ्या महिन्याच्या घरभाड्याहून जास्त होती. बायकोला म्हटलं, "हौसेला मोल नसतं." आपल्याकडे ही म्हण नेमकी अशाच वेळी तोंडात येते, नाही का? लग्नात पाचशे माणसांचा हॉल घेताना, कर्ज काढून बुलेट घेताना.

उन्हाळ्यात रोड अमेरिकावर शर्यत होती. विस्कॉन्सिनमधलं हे सर्किट साडेसहा किलोमीटरचं, १४ वळणांचं आणि लांबलचक सरळ पट्ट्यांचं. इथे आमच्यासारख्या कमी ताकदीच्या गाड्या एकमेकींच्या मागे चिकटून चालतात. पुढची गाडी हवा कापते, मागचीला जोर मिळतो. मग ती बाहेर निघून पुढे जाते. इथे डोकं चालवावं लागतं, बाहेर कधी निघायचं ते ओळखावं लागतं. माझ्यापुढे नेहमीचे आजोबा होते. निवृत्त शाळामास्तर, तीसेक वर्षं हीच गाडी चालवणारे. आदल्या वर्षी शर्यतीच्या तासभर आधी माझी ॲक्सिलरेटरची केबल तुटली होती, तेव्हा यांनीच आपल्या पेटीतली काढून दिली होती. देताना म्हणाले होते, तू नसलास तर मी कोणाला हरवू?

त्या दिवशी सरळ पट्ट्यावर मी त्यांच्या मागून बाहेर निघालो आणि पुढे गेलो. डोकं चालवलं नाही. क्षण ओळखला नाही. पाय नेहमीइतकाच दाबला होता. गाडी आपोआप गेली. मी चौदावा आलो, माझा तोवरचा सर्वांत चांगला नंबर. उतरल्यावर आजोबा आले, हात मिळवला, इंजिनाकडे बघितलं आणि म्हणाले, "नवीन मॅनिफोल्ड वाटतं." रागावले नव्हते. फक्त हिशेब करत होते. ते दिसत होतं.

पुढच्या मोसमात ते आले नाहीत. गाडी विकायला काढली असं कळलं. त्याचं कारण मीच, असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं. त्यांचा गुडघा दुखत होता, वय झालं होतं. पण पेन्शनीत खेळ बसवणाऱ्या माणसासमोर मी एक नवीन खर्च नेऊन ठेवला होता, एवढं मात्र खरं. माझ्यासारख्या पाच जणांनी पाच नळ्या घेतल्या की सहाव्याला घ्यावीच लागते. मग सगळे पुन्हा जिथल्या तिथे. फक्त प्रत्येकाचा खिसा हलका, आणि सातवा घरी.

म्हणून मला आता ती म्हण पटत नाही. हौसेला मोल असतं. ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर ज्याच्याकडे जास्त आहे तो ठरवतो. सारख्या गाडीचा नियम हे त्या मोलाचंच कुंपण आहे. पैसेवाल्याला हाकलण्यासाठी ते नाही. तोही खेळू दे. त्याच्या पैशामुळे बाकीच्यांना घरी बसावं लागू नये, एवढंच त्याचं काम. फॉर्म्युला वनलाही हे शेवटी करावं लागलं. २०२१ साली संघांच्या खर्चावर मर्यादा आली: चालकांचे पगार वगैरे वगळून वर्षाला १४.५ कोटी डॉलर. बीटलवाल्यांनी आपलं कुंपण ५८ वर्षं आधी घातलं होतं. आणि आम्ही, त्यांचे वारस, त्याच्या तारा वाकवून पलीकडे जातोय.

इथे कोणी म्हणेल, सारखी गाडी म्हणजे सारखी संधी ही थाप आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो जास्त सराव करणार, दर शर्यतीला नवे टायर घालणार. बरोबर. नीट-जेईई दिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पेपर सगळ्यांना एकच, पण एकाच्या मागे दोन वर्षांचा लाखोंचा क्लास आणि दुसऱ्याच्या मागे यूट्यूब आणि घरातला आवाज. मग पेपरही वेगवेगळे काढायचे का? सारखा पेपर पुरेसा नाही, हे मान्य. म्हणून तोही सोडून द्यावा, हे अमान्य.

दुसरं कोणी म्हणेल, सोपं आहे, इंजिनाला सीलच ठोका. असे वर्ग आहेत. एकाच ठिकाणाहून सीलबंद इंजिन येतं, चालकाने हातच लावायचा नाही. भांडणं कमी होतात, हे खरं. पण मग हौशी माणसाच्या हातातला पानाही जातो. व्हीची अर्धी मजा शनिवारी रात्री टॉर्चच्या उजेडात इंजिन खाली उतरवण्यात आहे, आणि शेजारचा प्रतिस्पर्धी येऊन "असं नाही, तसं धर" म्हणतो त्यात आहे. मला बंद डबा नको.

आणि तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: डॉलरमध्ये पगार घेऊन तू आम्हाला साधेपणा सांगतोस? हो, हा खेळ स्वस्त नाही. माझ्या आजोबांच्या गावात बसून मला तो खेळता आला नसता. व्ही गरिबांची गाडी आहे असा दावा मी करत नाही. पण खर्चाची हद्द लिहून ठेवली तर खेळ निदान मास्तराच्या पेन्शनीपर्यंत खाली येऊ शकतो. तिथून आणखी खाली आणायचा तर तसाच वागणारा कोणीतरी करिवर्धन लागेल. रस्त्यावरच्या गाडीकडे बघून, हिचं काय करता येईल, असं विचारणारा. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सुट्टीत वर्कशॉपमध्ये झोपून गाड्या बनवणारी पोरं आहेत. मीही त्यातलाच एक होतो. स्पर्धा संपली की ती गाडी कॉलेजच्या शेडमध्ये धूळ खाते आणि रेझ्युमेवर एक ओळ उरते. त्या पोरांना मला विचारायचंय, ओळीपुरतीच बनवली होती का रे?

नुसतं रडगाणं नको म्हणून माझी मागणीही सांगतो. अमेरिकेतल्या काही मातीच्या ट्रॅकवर एक जुना गावठी नियम चालत आलाय. शर्यत संपली की ठरलेल्या किमतीला कोणीही प्रतिस्पर्धी तुमचं इंजिन विकत मागू शकतो आणि तुम्हाला ते द्यावं लागतं. नाही म्हणता येत नाही. म्हणजे दहा हजारांच्या मर्यादेत चाळीस हजारांचं इंजिन घालणारा स्वतःच्याच खड्ड्यात पडतो. आमच्या मॅनिफोल्डला हाच नियम लावा. ठरलेली किंमत, कोणीही मागावं, मागितलं की द्यावं. मापं घेणाऱ्याची गरज नाही, अनामत नाही, वकिली नाही. माझ्या गटात हे मी बोलून दाखवलं. काहींना पटलं. काही म्हणाले, आम्ही कष्टाने शोधलेली वस्तू फुकट का द्यायची? त्यांच्या जागी तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते. भोसरीतल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर. त्यांना शर्यतीत काडीचा रस नाही. पण मी टॅपेट सेट करायला बसलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातून फीलर गेज काढून घेतला. "किती?" "पंधरा." पॉइंट एक पाच मिलिमीटर. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आठही टॅपेट सेट केले, मला एकदाही हात लावू दिला नाही. मग हात पुसत विचारलं,

"अशा किती गाड्या आहेत इथे?"

"आज वीसेक असतील."

"सगळ्यांचं इंजिन हेच?"

"हेच."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "चूक कोणाची ते कळेल."

त्या दिवशी मी सोळावा आलो, जुन्याच साध्या नळीवर. महागडी नळी गॅरेजच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. येत्या मोसमातल्या पहिल्या शर्यतीला ती माझ्या टेबलावर असेल, साध्या नळीच्या किमतीची चिठ्ठी चिकटवून. ज्याला हवी त्याने न्यावी. आजोबांना मेसेज केलाय की पहिला हक्क तुमचा. त्यांचं उत्तर आलं: गाडी अजून विकली गेलेली नाही.